मागून पाहणारे आबाजी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा आबाजी मुलगा बघायला आले आणि त्याच्या समोर न बसता सरळ त्याच्या मागं जाऊन उभे राहिले. मुलगा बिचारा मान वळवून वळवून पाहू लागला. त्याची आई चहाचा ट्रे धरून जागच्या जागी थिजली. आबाजींनी त्याला उठवलं, दारापर्यंत चालायला लावलं, परत बोलावलं आणि सगळ्यांदेखत माझ्या वडलांना निकाल सांगून टाकला.

"टाचा मऊ हायेत. काम कमी करत असन. पन चाल सरळ हाय. होऊन जाऊ द्या."

मी आतल्या खोलीत लाजेनं अर्धमेली झाले होते. लग्न झालं. इतक्या वर्षांचा अनुभव सांगते, दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या निघाल्या.

आबाजी आमचे नात्यागोत्याचे कोणी नव्हेत. त्यांचं वावर सोनाळ्याच्या शिवारात, आमचं घर वरवट बकालला. पण आमच्या भागात बैलजोडी घ्यायची म्हणजे आबाजींना सोबत न्यायचं, हा रिवाज होता. बाजारात लोक दात बघायचे, शिंगं बघायचे, आबाजी मात्र आधी बैलाच्या मागं जायचे. "पुढून बैल शिंगं दाखवते, मागून खरं सांगते," असं म्हणायचे. मग अंगावरचे भोवरे शोधायचे. केसांचा भोवरा कुठं आहे त्यावरून बैल मालकाला तारतो की बुडवतो, हे ते सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. मी पुण्यात शिकून आलेली, अन्नप्रक्रियेची पदवीधर. मला हे सगळं थोतांड वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचे. त्यावरून त्यांनी माझं नाव इंजिनेरबाई ठेवलं. मी इंजिनिअर नाही, हे दहादा सांगून झालं. काही उपयोग झाला नाही.

पुढं घरोघरी ट्रॅक्टर आले. आबाजींना बाजारात कोणी नेईना. त्यांनी स्वतःचीही शेवटची जोडी विकली आणि मग दिवसभर ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या माणसांची चाल पाहू लागले. "थ्या मास्तरचा डावा गुडघा गेला," "पाटलाच्या सुनेले चप्पल लहान होऊन राह्यली," असले शेरे मोठ्यानं मारायचे. लोक त्यांच्या घरावरून जायचं टाळायला लागले.

अशा माणसाला आमच्या शेतकरी कंपनीच्या खरेदी समितीवर घेतलं. कारण एवढंच की समितीत एक ज्येष्ठ सभासद हवा होता आणि बाकीच्या ज्येष्ठांना दुपारी झोप लागायची.

आमची कंपनी म्हणजे संग्रामपूरच्या रस्त्यावरचं एक पत्र्याचं शेड, चौदा बाया आणि मी. मोड आणलेली ज्वारी, मूग आणि कच्ची केळी वाळवून त्याचं आम्ही पीठ करायचो. लेकरांना दुधात शिजवून द्यायचं, चव झकास. एकच अडचण होती. केळीचं पीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पिशवीत भरलं तर आठ दिवसांत ढेकळं. म्हणून पत्र्याच्या डब्यात भरायला लागलो. बाया चमच्यानं डबे भरायच्या आणि हातदांड्याच्या यंत्रानं झाकण दाबायच्या. पावसाळा लागला आणि अकोल्याच्या व्यापाऱ्याकडून सगळा माल परत आला. डबा हलवला की आत लाडू वाजायचा. व्यापारी म्हणाला, "मॅडम, पुढच्या पावसाळ्यात एक खेप ठेवून पाहीन. तीही अशीच निघाली तर पुन्हा येऊ नका."

तो एकटाच आमचं मोठं गिऱ्हाईक होता. तो गेला की शेडला कुलूप लागणार आणि चौदा जणी पुन्हा दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण करायला जाणार, हे चौदाही जणींना माहीत होतं. झाकणं घट्ट बसवणारं मशीन हवं होतं आणि त्यासाठी मंजूर झालेल्या सरकारी पैशात ते एकदाच घेता येणार होतं. चुकीचं घेतलं तर संपलं.

मी मन लावून अभ्यास केला. माहितीपत्रकं मागवली, तक्ते केले, मोबाईलवर मशीनचे व्हिडिओ पाहून पाहून डोळे लाल केले. आणि पुण्याकडच्या एका कारखान्याच्या मशीनवर माझा जीव जडला. चकचकीत स्टील, रंगीत पडदा, बोट लावलं की चालू. डबा भरणार, झाकण बसवणार, मोजणार, सगळं आपलं आपण. समितीच्या बैठकीत मी तो व्हिडिओ दाखवला. सगळे म्हणाले वा वा. आबाजी म्हणाले, "फोटोतला बैल शेण टाकत नाही."

"म्हणजे काय आबाजी?"

"म्हनजे जाऊन पाहा लागते. अन जातानी आपलं पीठ न्या लागते."

मी फणकाऱ्यानं सांगितलं की पिठाचा नमुना मी कधीच पाठवला आहे. खरं सांगायचं तर तो नमुना मी दोनदा चाळून, पुन्हा गरम करून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून पाठवला होता. लग्नाच्या मुलीला नटवून बसवावं तसा. आपलं पीठ लोकांसमोर चांगलं दिसावं, एवढाच विचार डोक्यात होता. अडाणीपणा हो, दुसरं काय!

चैत्राचा महिना, ऊन रणरणतं. जायच्या चार दिवस आधी मी आबाजींच्या घरी गेले तर दारात कूलर घोंघावत होता आणि कूलरच्या समोर, पाटावर, उघड्या परातीत आमचं दहा किलो पीठ बसलं होतं. घरचे सगळे भिंतीला टेकून घाम पुसत होते.

"आबाजी, हे काय चाललंय?"

"पिठाले पावसाळा दाखवून राह्यलो. बजारात कोरड्यात सगळेच बैल चालतात, इंजिनेरबाई. चिखलात चालते का थे पाहा लागते."

सूनबाई माझ्या कानाशी लागली. "चार दिवसांपासून आमाले कूलर नाही. मी म्हनलं, एक रात तरी द्या, तं म्हनतात, पाहुण्याले उठवू काय?"

ते फुगलेलं, चिकट पीठ पिशवीत भरून आम्ही शेगावहून गाडीत बसलो. पिशवी आबाजींच्या मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, यात काय आहे? आबाजी म्हणाले, "आमचं भांडखोर पोट्टं हाय." बाई सरकून बसली.

कारखान्यात विक्रीवाला साहेब होता, ऐन पंचविशीतला, गळ्यात ओळखपत्र, बोलणं लोण्यासारखं. त्यानं स्वतःचं पीठ टाकून मशीन चालू केलं. काय सांगू, डबे कसे शिपायांसारखे एका रांगेत चालले! मिनिटाला साठ. मी आबाजींकडं असं पाहिलं की बघा आता. आबाजी कुठं होते? मशीनच्या मागं, उकिडवे बसलेले.

तिथूनच त्यांनी विचारलं, "इंजिनेरबाई, आपन दिवसाले डबे किती भरतो?"

"चारशे."

"म्हनजे सात मिनटात काम खतम. मंग दिवसभर याची आरती करा लागते काय?"

साहेब म्हणाला, "काका, भविष्यात तुमचं उत्पादन वाढेल ना."

"वाढन तवा पाहू. वावर दोन एकर अन दारात हत्ती बांधू काय बाप्पा? त्याले चारा कोन घालन?"

मग त्यांनी मांडीवरच्या पोट्ट्याची पिशवी सोडली. साहेबानं नाक मुरडत आमचं पीठ वरच्या मोठ्या नरसाळ्यात ओतलं आणि पडद्यावर बोट टेकवलं. पहिले तीन डबे भरले. पुढं पिठानं नरसाळ्यात आतल्या आत कमान धरली आणि खाली कणभर पीठ उतरेना. पण मशीन हुशार, ते थांबलं नाही. रिकामा डबा येई, रिकाम्या डब्यावर सुबक झाकण बसे आणि पडद्यावर आकडा वाढे. बावीस, तेवीस, चोवीस. साहेब रबरी हातोडीनं नरसाळं ठोकत सुटला. कमान पडे, पीठ धप्पकन खाली येई, एक डबा उतू जाई, की पुन्हा कमान.

"वा," आबाजी म्हणाले, "मिनिटाले साठ रिकामे."

मला इतका राग आला होता की सांगता येत नाही. साहेबाचा नाही, आबाजींचा. बैठकीत छाती ठोकून मी हे मशीन सुचवलं होतं. मी म्हणाले, "तुम्ही पीठ मुद्दाम बिघडवून आणलं."

"आपल्या शेडात सावनात पीठ कसं असते?"

श्रावणात ते असंच असतं, हे मलाच ठाऊक होतं.

यावर माणसानं थांबावं. आबाजींनी दुपट्ट्यानं हात पुसले आणि मशीनच्या अंगावरून तळवा फिरवत भोवरे शोधायला लागले. मी इकडंतिकडं पाहू लागले. म्हटलं, देवा, आता हे स्टीलवर केस शोधणार. तेवढ्यात हाक आली, "इकडे या बे साहेब. हा भोवरा काऊन हाय?"

मागच्या पायाशी, सहज दिसणार नाही अशा जागी, पंजाएवढा पत्रा होता. बाकी सगळ्या पत्र्यावर घासणीच्या रेघा आडव्या, सरळ. तिथं मात्र गोल गोल.

"ते पॉलिशचं आहे, काका."

"सगळ्या आंगाले आडवी लव अन एकाच जागी भोवरा? इथं काय झालतं?"

साहेबानं मोबाईल काढला आणि त्यात डोकं घातलं. आरडाओरडा ऐकून आतून कारखान्याचे मालक आले. ते सरळ मनाचे निघाले. म्हणाले, हे मशीन एका गिऱ्हाइकानं परत केलं होतं. वेगात हादरे बसून पाय चिरला, झाकणांची शिवण सैल पडायला लागली. आता पाय जोडून घेतलाय, अगदी नव्यासारखं आहे.

"सारखं," आबाजी म्हणाले आणि दुपट्टा खांद्यावर टाकला.

डबा आणि झाकण यांच्या कडा एकात एक दुमडून जी घडी बसते, तिला शिवण म्हणतात. ती सैल पडली म्हणून तर आमचा माल परत आला होता. मी तिथंच एका खोक्यावर बसले. आबाजी नसते तर मी त्याच दिवशी सही करून मोकळी झाले असते.

जेवणाच्या सुट्टीत आबाजी गायब. शोधत गेले तर कारखान्याच्या कोपऱ्यात एका वयस्क कामगाराच्या डब्यात हात घालून भाकरी-ठेचा खात बसलेले. "इकनाऱ्याले नाही, हाकनाऱ्याले इचारा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्या कामगाराला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "यातली कोनती तुमाले रडवत नाही?" कामगारानं घास चावता चावता हनुवटीनं ताडपत्रीखालचं एक मशीन दाखवलं.

दिसायला ते अगदी गावंढळ. पडदा नाही, दिवे नाहीत. पण नरसाळ्यात पीठ ढवळणारी जाड दांडी आणि खाली पीठ रेटत नेणारा पेचदार दांडा, त्यामुळं कमान धरायला जागाच नाही. शेजारी झाकण बसवणारं यंत्र, पायाच्या पट्टीवर चालणारं, एका वेळी एक डबा. मिनिटाला आठ-दहा. आमच्या फुगलेल्या पिठानं थोडं भांडण केलं, मग निमूट डब्यात उतरलं. आबाजींनी बंद डबा बादलीत बुडवला आणि उकिडवे बसून एकटक पाण्याकडं पाहत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी मशीन दोन तास चालू ठेवायला लावलं आणि दर थोड्या वेळानं त्याच्या मागं जाऊन कान लावला.

"धाप टाकत नाही," असा शेरा मिळाला.

सौद्याची वेळ आली तेव्हा आबाजींनी साहेबाचा हात धरून दुपट्ट्याखाली ओढला. बैलबाजारात भाव बोलून करत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून करतात, शेजारच्याला कळू नये म्हणून. आता हे पुण्याकडच्या पोराला काय ठाऊक! तो घाबरून पांढराफटक. आबाजींनी बोटं दाबली. पोरानं हात सोडवायची खटपट केली. त्या खटपटीत त्याचीही बोटं दाबली गेली.

"झाला सौदा!" आबाजी ओरडले. "सायबानं मोठ्या मनानं सोडलं."

"मी काहीच बोललो नाही!"

"हातानं बोलले ना. हाताची जबान तोंडापरीस मोठी असते."

अर्धा तास नुसता गोंधळ. मालक हसून हसून डोळे पुसत होते. शेवटी भाव कागदावरचाच राहिला, पण दुपट्ट्याचा मान म्हणून झाकण दाबणाऱ्या चाकांचा एक जादा जोड त्यांनी फुकट दिला. तो साहेब मात्र आम्ही गाडीत बसेपर्यंत दोन्ही हात खिशात घालून उभा होता.

मशीन आलं, शेडात बसलं. ते चालवायला चौदा जणींतली सुनंदाबाई पुढं झाली. तिला मशीनची भीती नव्हती, तिला फक्त मशीन बंद पडायची भीती होती. आबाजींना शेडात यायचं तर माझा नियम, डोक्याला जाळीची टोपी. त्यांनी रुमालाचं मुंडासं काढायला साफ नकार दिला. मग मुंडाशावरूनच टोपी चढवली. बाया तोंडात पदर कोंबून हसत. पावसाळा लागताना पहिली खेप अकोल्याला गेली आणि त्याच खेपेतला एक डबा आबाजी घेऊन गेले. घरी बैलांचा पाणी प्यायचा हौद होता, जोडी विकल्यापासून नुसताच भरलेला. त्यात त्यांनी डबा टाकला आणि वर दगड ठेवला.

"पोळ्याले काढीन," म्हणाले.

ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाऊस कोसळत होता आणि अकोल्याहून फोन येत नव्हता. आपण करावा, तर धीर होत नव्हता. सुनंदाबाई रोज विचारायची, "आला का फोन, मॅडम?" मी म्हणायचे, येईल. बाकीच्या विचारतही नसत, नुसत्या माझ्या तोंडाकडं पाहत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. त्या दिवशी बायांनी काम संपवून मशीनला फुगे लावले, झूल घातली, कागदी बाशिंग बांधलं. मी अन्नसुरक्षेवर एक भाषण दिलं, ते कोणी ऐकलं नाही.

तेवढ्यात आबाजी आले. काखेत डबा, बाहेरून गंजलेला, शेवाळानं हिरवा. त्यांनी तो पुसून सुनंदाबाईच्या हातात दिला. तिनं झाकण कापलं. आबाजींनी आत बोट घातलं, बाहेर काढलं आणि जोरात फुंकर मारली. पीठ भुर्रकन उडालं आणि त्यांच्या मिशांवर बसलं.

"कोरडं हाय," ते म्हणाले.

एकच गलका झाला. मी तर हुंदके देऊन रडले, लाज वगैरे काही वाटली नाही. त्याच भरात अकोल्याला फोन लावला. व्यापारी म्हणाला, "अहो मॅडम, मी मागच्या आठवड्यातच दहा डबे फोडले. एक नंबर आहेत. म्हटलं, तुम्ही फोन कराल!"

सुनंदाबाई लोणी-हळदीची वाटी घेऊन आबाजींपुढं आली. "लावा आता मशीनच्या खांद्याले. तुमच्याच हातानं आवतन द्या."

आबाजींनी फुगे पाहिले, बाशिंग पाहिलं. "बह्याड झाल्या काय वो? लोखंड हाय थे."

"तुमीच तं त्याले बैलावानी पाह्यलं!"

"घेतानी पाहाच लागते. पन आवतन त्याले देतात ज्याचा खांदा सोलते. लोखंडाचा खांदा दुखते काय?" त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. "दिवसभर चारशे डबे कोन उचलते?"

सुनंदाबाईचा हात नकळत स्वतःच्या उजव्या खांद्यावर गेला.

"एकमेकीच्या खांद्याले लावा," ते म्हणाले. "मी बाहेर उभा राहतो. इंजिनेरबाई, तुमीबी. तुमी नुसतं बोट दाखवता, तं बोटाले लावून घ्या."

ते दाराबाहेर गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं मागून कधी पाहिलं नव्हतं. मुंडाशावर जाळीची टोपी तशीच. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. आणि टाचा इतक्या फुटलेल्या की भेगांत काळी माती कायमची बसलेली. आतमध्ये बाया हसत होत्या, एकमेकींचे पदर सावरत हळद चोळत होत्या. बाहेरून त्यांनी खाकरून आवाज काढला आणि रस्त्याकडं पाहतच, पण चौदाही जणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आज आवतन घ्या वो मायहो, उद्या जेवाले या."

दुसऱ्या दिवशी आम्ही पंधराजणी सोनाळ्याला गेलो. त्यांनी रिकामा गोठा सारवून घेतला होता, तिथंच पुरणपोळीची पंगत. आबाजी दारात तांब्या घेऊन उभे होते. बैल घरी आल्यावर घालतात तसं त्यांनी एकेकीच्या पायांवर पाणी घातलं. बाया संकोचून पाय मागं घ्यायला लागल्या तर खेकसले, "सरळ चाला!" शेवटची बाई आत गेल्यावर ते आमच्या मागं उभे राहिले आणि भरलेल्या गोठ्याकडं त्यांनी एकदा डोळे भरून पाहून घेतलं.

मग सुनेला हाक मारून म्हणाले, "वाढ आता. आल्या साऱ्या."